अकरावी सायन्स ते इंजिनिअरिंग प्रवेश : शहाद्याच्या एका मुलीला उत्तर

प्रश्न शहादा तालुक्यातल्या एका गावातून आला आहे. मुलगी अकरावी सायन्सला आहे. दहावी सेमी-इंग्रजीतून झाली, ८८ टक्के पडले. प्रवेश शहाद्यातच घेतला आहे, गणितासह ए ग्रुप. कम्प्युटर इंजिनिअरिंग करायचं ठरवलंय. प्रवर्ग ओबीसी. घरी पाच एकर शेती, वडिलांना खर्चाची धास्ती. मामा म्हणतात क्लाससाठी लातूरला नाहीतर राजस्थानात कोट्याला टाका, वर्गशिक्षक म्हणतात बारावी होऊ दे, मग बघू. तिचं म्हणणं एवढंच, की आतापासून नक्की काय करायला लागू?

बेटा, मामांचंही बाजूला ठेव आणि सरांचंही. प्रवेशाच्या दिवसांत सुविधा केंद्रावर बसून मी बरीच वर्षं अर्ज तपासले आहेत. आपल्या खानदेशातली मुलं मार्कांपेक्षा जास्त मार खातात ती कागदांत आणि पर्याय, म्हणजे कॉलेजांची पसंतीची यादी, भरण्यात. अभ्यास कसा करायचा हे सांगायला क्लासवाले आहेत, शेजारीपाजारी आहेत, मोबाइल आहे. पण जून-जुलैत जे लागतं ते अकरावीच्या दिवाळीतच गोळा करायला घे, हे कोणी सांगत नाही. म्हणून मी आधी तेच सांगतो, अभ्यासाचं नंतर.

जात पडताळणीपासून सुरुवात कर. जातीचा दाखला वेगळा आणि त्याची पडताळणी वेगळी. दाखला प्रांत कार्यालयातून मिळतो, पडताळणी जिल्हा समिती करते. इंजिनिअरिंग, फार्मसी, मेडिकल, कृषी अशा व्यावसायिक अभ्यासक्रमांत राखीव जागेवर बसायचं तर दुसरा कागद लागतोच. तो वेळेत नसेल तर तू ओपनमध्ये मोजली जातेस. एखाद्या वर्षी सरकार मुदत वाढवून देतं, पोचपावतीवर तात्पुरता प्रवेश देतं. पण त्या भरवशावर बसू नये. अकरावी-बारावी सायन्सच्या विद्यार्थ्यांना कॉलेजच्या पत्रावर हा अर्ज करता येतो. म्हणजे तू आजच पात्र आहेस. कॉलेजच्या ऑफिसात जाऊन ‘पडताळणीसाठी प्राचार्यांचं पत्र हवंय’ एवढं म्हण, क्लार्कला काय ते कळतं. अर्ज ऑनलाइन भरायचा, मग कागदांसह फाइल समितीकडे द्यायची.

फाइलमध्ये खरी मेहनत वंशावळीची आणि जुन्या पुराव्याची. वंशावळ म्हणजे पणजोबांपासून तुझ्यापर्यंत नावांची उतरंड, प्रतिज्ञापत्रावर. पुरावा वडिलांकडच्या नात्यातलाच चालतो, आजोळचा नाही. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीची जातीची नोंद सगळ्यात वजनदार. तुझ्या मैत्रिणी इतर प्रवर्गातल्या असतील तर त्यांनाही सांग : भटक्या-विमुक्तांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० आणि जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०. या तारखांच्या आधीची नोंद कुठे सापडेल? आजोबा ज्या जिल्हा परिषद शाळेत गेले तिथल्या जनरल रजिस्टरचा उतारा. आजोबा शाळेची पायरी चढले नसतील तर त्यांच्या भावाचा. तोही नसेल तर तहसील कार्यालयातल्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी, म्हणजे गाव नमुना १४. गावात त्याला कोतवाल बुक म्हणतात. नोंद मोडीत निघाली तर मोडी वाचणाऱ्या माणसाकडून लिप्यंतर करून घ्यावं लागतं, त्यालाही दिवस जातात.

तुझ्या बाबतीत एक भानगड आणखी आहे. नंदुरबार जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला. त्याआधी शहादा धुळे जिल्ह्यात होतं आणि त्याच्याही आधी धुळ्याचं नाव पश्चिम खानदेश होतं. त्यामुळे आजोबांच्या दाखल्यावर ‘जिल्हा पश्चिम खानदेश’ आणि तुझ्या दाखल्यावर ‘जिल्हा नंदुरबार’ दिसलं तर गोंधळू नकोस. गाव आणि तालुका तेच आहेत, हे अर्जात एका ओळीत लिहायचं. जुना रेकॉर्ड नंदुरबारला नाही म्हणाले तर धुळ्याला चौकशी करायची. वडिलांना सांग, की सख्खे काका किंवा आत्या यांच्यापैकी कोणाची पडताळणी आधी झाली असेल तर त्या प्रमाणपत्राची प्रत सगळ्यात आधी मिळवा. ती असली तर निम्मं काम झालं समज.

तुझ्या वर्गात पावरा, वसावे, तडवी आडनावांची मुलं असतील. त्यांची समिती वेगळी, आदिवासी विकास विभागाची. तिथे वेळ जास्त लागतो. काही जमातींच्या फायली तर कोर्टापर्यंत जातात. त्यांनी अकरावीचा पहिला महिनासुद्धा वाया घालवू नये.

आता नॉन-क्रिमिलेअर, म्हणजे घर वरच्या उत्पन्न गटात मोडत नाही असा दाखला. ओबीसीला हे हवंच. पुष्कळ शेतकरी बापांना वाटतं, की कापसाचे, केळीचे पैसे बँकेत दिसतात, मग आपल्याला हा दाखला मिळणार नाही. तसं नाही. उत्पन्नाची मर्यादा आठ लाखांची आहे, पण ती मोजताना शेतीचं आणि पगाराचं उत्पन्न धरत नाहीत. बागायती जमिनीच्या क्षेत्राची अट वेगळी आहे, ती पाच एकरवाल्याला लागत नाही. घोळ होतो तो मुदतीत. या दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते. ज्या वर्षी प्रवेश घ्यायचा त्या शैक्षणिक वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत तो चालू असला पाहिजे. बारावीच्या डिसेंबरात काढलेला एका वर्षाचा दाखला जूनमध्ये मेलेला असतो, हे केंद्रावर आल्यावर कळतं. म्हणून हा एक कागद लवकर नको. बारावीच्या एप्रिलमध्ये, नवं आर्थिक वर्ष लागलं की लगेच काढायचा. उत्पन्नाचा दाखलाही तेव्हाच. तो शिष्यवृत्तीला लागतो आणि त्यात मात्र शेतीचं उत्पन्न धरतात, तलाठ्याचा अहवाल त्यावरच असतो. दोन दाखल्यांत दोन हिशोब, हे वडिलांना नीट समजावून सांग.

जन्म कुठे झालाय तेही एकदा दाखल्यावर बघ. आपल्याकडची कितीतरी घरं सुरतला उधना, लिंबायतला राहून आलेली. मूल तिकडेच जन्मलेलं असतं, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘जन्मस्थळ सुरत’. अशा वेळी महाराष्ट्राचा अधिवास दाखला, लोक डोमिसाईल म्हणतात तो, काढावा लागतो. दाखल्यावर महाराष्ट्रातलं गाव आणि ‘भारतीय’ लिहिलेलं असेल तर तोच दाखला बहुतेक ठिकाणी चालून जातो, तरी मी डोमिसाईल काढायला सांगतो. एकदा काढलं की झालं.

आणि नाव. दहावीच्या मार्कशीटवरचं इंग्रजी स्पेलिंग आणि आधारवरचं स्पेलिंग आज, आत्ता शेजारी ठेवून वाच. अक्षर न् अक्षर. आपल्याकडे पावरा कुठे व्हीने तर कुठे डब्ल्यूने लिहिलेलं, चौधरीत एक एच जास्त, वडिलांचं नाव एकीकडे ‘भाऊसाहेब’ तर दुसरीकडे ‘भाऊ’. सीईटीचा, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेचा, अर्ज आधारशी जुळवून घेतात, प्रवेशाचा अर्ज मार्कशीटशी आणि शिष्यवृत्ती बँकेच्या खात्याशी. तीन ठिकाणी तीन नावं असली की तीन वेळा अडकतेस. मार्कशीट बदलणं जिकिरीचं, नाशिक विभागीय मंडळापर्यंत जावं लागतं. त्यापेक्षा आधार मार्कशीटप्रमाणे करून घे. आधार बँक खात्याला जोडलेलं आहे का तेही त्याच फेरीत बघ, कारण महाडीबीटीचे, म्हणजे सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलचे, पैसे त्याच खात्यात येतात.

कागद झाले. आता अभ्यासाकडे वळू.

लातूर की कोटा, याचं उत्तर तू कोणती परीक्षा देणार यावर आहे. महाराष्ट्रातल्या इंजिनिअरिंगच्या बहुतेक जागा एमएचटी-सीईटीवर भरतात आणि सीईटी राज्य मंडळाच्या पुस्तकांवर असते. त्यासाठी कोटा गाठायची काही गरज नाही. देशपातळीवरची जेईई मेन देऊन एनआयटीत, म्हणजे केंद्राच्या इंजिनिअरिंग संस्थेत, जायचं असेल, आयआयटीचं मनात असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे अकरावीपासून वेगळ्या खोलीचा अभ्यास लागतो. पण ८८ टक्क्यांची, सेमी-इंग्रजीची मुलगी घरापासून लांब हॉस्टेलवर टाकून, वर्षाला लाखभराच्या वर खर्च करून जेईईच्या मागे लावावी का? मी म्हणतो नको. हुशारीचा प्रश्न नाही. अकरावीचं पहिलं वर्ष नवी भाषा आणि नवा विषय पचवण्यात जातं आणि ते घरच्या जेवणावर सोपं जातं. वर्षभराने तुझे भौतिकशास्त्र-गणिताचे चाचणीतले मार्क बघ, तेव्हा जेईईचं ठरव.

लातूरला जाण्यात आणखी एक गोष्ट आहे, ती क्लासच्या जाहिरातीत नसते. प्रवेशात ‘गृह विद्यापीठ’ धरतात आणि ते तू बारावी कुठल्या भागातून झालीस यावर ठरतं. शहाद्यातून बारावी केलीस तर तुझं गृह विद्यापीठ जळगावचं कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ. जळगाव, धुळे, नंदुरबार हे त्याचे जिल्हे. लातूरहून केलीस तर नांदेडचं. बऱ्याच खासगी कॉलेजांत जागांचा मोठा वाटा गृह विद्यापीठाच्या मुलांना असतो. म्हणजे शिरपूर, धुळे, जळगावकडच्या ज्या जागांवर तुझा घरचा हक्क होता तिथे तू बाहेरची होऊन येतेस. याउलट पुण्याचं सीओईपी, मुंबईचं व्हीजेटीआय अशा ठिकाणी राज्यस्तरावर यादी लागते, तिथे याने फरक पडत नाही.

सीईटीचा पेपर कसा असतो ते आधी समजून घे, म्हणजे अभ्यासाला दिशा येते. पीसीएमचा, म्हणजे भौतिक-रसायन-गणिताचा, पेपर २०० मार्कांचा. पहिल्या ९० मिनिटांत भौतिक आणि रसायन मिळून १०० प्रश्न, एक-एक मार्काचे. पुढच्या ९० मिनिटांत गणिताचे ५० प्रश्न, प्रत्येकी दोन मार्क. चुकलं तरी मार्क कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. प्रत्येक विषयात साधारण २० टक्के अकरावीचं, ८० टक्के बारावीचं. अकरावीचं वर्ष म्हणजे विसाव्याचं वर्ष असं जे आपल्याकडे मानतात ते इथे उघडं पडतं, कारण या २० टक्क्यांचे प्रश्न सोपे असतात आणि तेच मुलं सोडतात. गणिताचा पेपर फक्त इंग्रजीत असतो. भौतिक आणि रसायन मराठीतही मिळतं, पण तू सेमीची आहेस तेव्हा इंग्रजीच ठेव. पुस्तकं तू इंग्रजीतूनच वाचतेस, ऐन पेपरात ‘संवेग’ म्हणजे काय हे आठवत बसू नकोस.

दोन मार्कांचं गणित हे या परीक्षेचं गुपित आहे. यादीत दोघांचे पर्सेंटाइल, म्हणजे शंभरातले किती जण बरोबरीला किंवा मागे आहेत तो आकडा, सारखे आले तर आधी गणिताचेच बघतात. म्हणून रोज गणित, सणासुदीलाही. बालभारतीचं पुस्तक पुरतं संपव. प्रश्नसंग्रहातले, सोडवलेले, न सोडवलेले, सगळे प्रश्न. ते पुस्तक ई-बालभारतीवर फुकट मिळतं. मग मागच्या वर्षांचे सीईटी पेपर. पाच रंगीत गाइडं विकत घेणारी मुलं मी पाहिलीत. पहिल्याची पानं काळवंडलेली असतात, बाकीची चार कोरी.

संगणकावर पेपर देण्याची सवय मात्र लाव. खेड्यातली मुलं कागदावर चटकन सोडवतात आणि पडद्यावर अडखळतात, नजर वर-खाली करण्यातच वेळ जातो. कॉलेजात संगणक प्रयोगशाळा असेल तर आठवड्यातून एक पेपर तिथे बसून दे. नसेल तर सायबर कॅफेत दीड तासाचे पैसे मोजायला हरकत नाही. मोबाइलवर दिलेली टेस्ट ही टेस्ट नव्हे. घड्याळ लावून, १०० प्रश्न ९० मिनिटांत, हा वेग अंगात भिनायला महिने लागतात.

बोर्डाकडे पाठ फिरवू नकोस. इंजिनिअरिंगला बारावीत पीसीएमचे मिळून ४५ टक्के लागतात, राखीव प्रवर्गाला ४०. एवढे पडतातच म्हणून मुलं बोर्ड सोडून देतात. पण एनआयटीचा विचार असेल तर ७५ टक्क्यांची अट आहे आणि सीईटी बिघडली तर पुढे जे काही करशील, बीएस्सी असो की आणखी काही, तिथे बारावीचेच मार्क बोलतात. प्रॅक्टिकल तर खरोखर कर. काही ठिकाणी वर्षभर प्रयोगशाळेचं कुलूप निघत नाही आणि शेवटी जर्नल उतरवून घेतात. तुझ्या कॉलेजात तसं असेल तर दोन-चार जणींनी मिळून सरांना गाठा आणि गोडीत मागून घ्या.

वेळापत्रकाचं एकच सांगतो. सीईटीचे अर्ज हिवाळ्यात सुटतात, साधारण डिसेंबर ते फेब्रुवारी. त्याच वेळी बारावीची प्रॅक्टिकल, सराव परीक्षा, कोणाच्या घरी लग्न. अर्ज सुटला की पहिल्या आठवड्यात भर. २०२६ पासून पीसीएमची सीईटी एप्रिल आणि मे अशी दोनदा आहे. एप्रिल-मे म्हणजे आपल्याकडे आखाजी (अक्षय्य तृतीया) आणि पारा ४४च्या घरात. केंद्र गावाबाहेर आलं तर आदल्या दिवशी मुक्कामाला जा. सकाळच्या पहिल्या एसटीवर भरवसा ठेवून भर उन्हात धावत पोचलेली मुलगी पहिले दहा प्रश्न नुसती वाचते.

जेईई मेन द्यायची का? दे, जानेवारीची एक. सराव होतो. शिवाय राज्यातल्या खासगी कॉलेजांत अखिल भारतीय कोट्याच्या जागा तिच्यावर भरतात. सुरतची एनआयटी तुला घरापासून पुण्याहून जवळ पडते, पण ती गुजरातमध्ये असल्याने तू तिथे परराज्यातली. तुझं घरचं राज्य धरून जागा मिळते ती नागपूरच्या व्हीएनआयटीत. ए ग्रुपच घेतलास ते चांगलं केलंस. एबी, म्हणजे गणित आणि जीवशास्त्र दोन्ही, घेऊन दोन्ही दरवाजे उघडे ठेवतो म्हणणाऱ्या मुलांचा बारावीत जीव जातो, मेडिकलच्या नीट परीक्षेचंही धड होत नाही आणि सीईटीचंही.

आता पर्याय भरणं, म्हणजे कॅप राउंड, सरकारच्या केंद्रीभूत प्रवेशाच्या फेऱ्या. इथे मी जरा जास्त बोलणार आहे.

निकाल लागतो, नोंदणी होते, कागद तपासून गुणवत्ता यादी लागते. मग तुला कॉलेज आणि शाखांची यादी उतरत्या पसंतीने भरायची असते. संगणक काय करतो ते लक्षात घे. तो गुणवत्ता यादी वरून खाली घेतो. तुझा नंबर आला की तुझी पसंतीची यादी पहिल्यापासून वाचतो आणि जिथे तुझ्या प्रवर्गातून पहिली जागा रिकामी सापडेल तिथे थांबतो. बस. तू एखादं कॉलेज चाळिसाव्या नंबरला टाकलंस म्हणून तिथला तुझा हक्क कमी होत नाही. चाळिसाव्यापर्यंत तो आलाच तर तुझ्यामागच्या मुलाने ते पहिल्या नंबरला टाकलं असलं तरी जागा तुझीच. म्हणून वर ते टाकायचं जे तुला खरंच हवं आहे, मिळेल की नाही याचा विचार न करता. गावाकडे उलटं करतात. ‘हे नक्की मिळेल’ म्हणून ते पहिल्या नंबरला टाकतात आणि तेच मिळतं.

ते मिळून भागत नाही, गळ्यातही पडतं. २०२५ च्या प्रवेशात नियम असा होता, की पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचं मिळालं तर ते आपोआप पक्कं. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी काही मिळालं तर पक्कं. तिसऱ्यात पहिल्या सहापैकी. पक्कं झालं की पुढच्या फेरीत जाता येत नाही, घ्या नाहीतर बाहेर पडा. म्हणजे पहिली सहा नावं ही तुझी खरी यादी. ती घरच्यांना सोबत घेऊन, दोन रात्री मध्ये जाऊ देऊन भरायची. तुझ्या वर्षीची माहितीपुस्तिका आली की हा नियम तेवढा पुन्हा वाच, तो बदलत राहतो.

कटऑफची यादी वाचायला आत्तापासून शिक. परीक्षा आणि प्रवेश बघणाऱ्या राज्याच्या सीईटी सेलच्या संकेतस्थळावर मागच्या वर्षांच्या याद्या पडलेल्या असतात. कॉलेजचा कोड, पुढे शून्य असला तर तो सोडून, पाचने सुरू झाला की ते नाशिक विभागातलं, म्हणजे आपल्याकडचं. सहाने सुरू झालं की पुणे विभाग, तीनने मुंबई. प्रवर्गाच्या रकान्यात अक्षरांची माळ दिसते. पहिलं अक्षर जी असलं तर सर्वसाधारण, एल असलं तर मुलींसाठी राखीव. मध्ये प्रवर्ग. शेवटी एच म्हणजे गृह विद्यापीठ, ओ म्हणजे बाहेरचं, एस म्हणजे राज्यस्तर. तुला शहाद्याहून जाऊन आपल्या भागातल्या कॉलेजात बघायचं तर ‘एल-ओबीसी-एच’ आणि ‘जी-ओबीसी-एच’ हे दोन रकाने आधी, मग ओपनचे. ओबीसी मुलगी ओपनमधूनही मोजली जाते, हे विसरू नकोस. मागच्या तीन वर्षांचे आकडे वहीत मांड. एका वर्षाच्या कटऑफवर विसंबणारे फसतात, कारण शाखा वाढतात, जागा वाढतात, फी बदलते.

कोणतं कॉलेज? ‘पुण्यालाच जायचं’ हे खूळ डोक्यात असेल तर काढ. पुण्याचं चांगलं कॉलेज मिळालं तर जरूर जा. पण पुण्याच्या वेशीवरचं, नाव कोणी ऐकलं नाही असं कॉलेज आणि वर खोलीभाडं, मेस, यापेक्षा जळगावचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय किंवा शिरपूरचं आर. सी. पटेल माझ्या मते कितीतरी बरं. विद्यापीठाच्या आवारातल्या रासायनिक तंत्रज्ञान संस्थेचं नाव तर आपल्याच मुलांना माहीत नसतं. केमिकल, फूड, प्लॅस्टिक, पेंट असे विषय तिथे आहेत. तुला कम्प्युटरच हवंय, ठीक, पण ‘कम्प्युटर नाही तर काही नाही’ म्हणू नकोस. एआय, डेटा सायन्स अशा नव्या नावांच्या शाखा फार निघाल्या आहेत. पहिल्या दोन वर्षांत बराच अभ्यासक्रम सारखाच असतो, शिकवणारे कोण आहेत हे बघणं जास्त कामाचं. बारावीच्या दिवाळीत वडिलांना घेऊन शिरपूरला आणि जळगावला एक-एक चक्कर मार. सुट्टीत नको, कॉलेज चालू असताना. गेटवरच्या बोर्डावरचे प्लेसमेंटचे फोटो वाचत बसू नकोस. तिसऱ्या वर्षाच्या मुलांना कँटीनमध्ये गाठ आणि विचार, की प्रयोगशाळेत तुम्ही मागच्या आठवड्यात काय केलं.

पर्याय भरायचे दिवस श्रावणाच्या आसपास येतात. घरी कानबाईचे रोट चाललेले असतात, पाहुणे भरलेले असतात आणि शेवटच्या दिवशी रात्री साइट चालत नाही. यादी आधी कागदावर पक्की असेल तर अर्ध्या तासात भरून होते.

पैशांचं वडिलांना थेट सांगता येईल असं सांगतो. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाप्रमाणे कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) आणि एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. अट एकच महत्त्वाची : प्रवेश कॅपमधून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून किंवा संस्था पातळीवर घेतलेल्या जागेला हे लागू नाही. जुलैत फोन येतात, ‘राउंडची वाट कशाला बघता, आजच सीट पक्की करा, थोडीशी रक्कम भरा’. तो फोन घेणाऱ्या बापाची मुलगी चार वर्षांची फीमाफी एका सहीत घालवते. डेव्हलपमेंट फी, हॉस्टेल, मेस हे मात्र घरूनच लागतं. त्यासाठी ओबीसी मुलांना ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे, अनुसूचित जातीच्या मुलांना स्वाधार, जमातीच्या मुलांना स्वयंम. शासकीय वसतिगृहात नंबर न लागलेल्यांना या योजना आहेत, म्हणून वसतिगृहाचाही अर्ज करून ठेवावा. भावाला किंवा चुलतभावाला सांगायचं असेल तर टीएफडब्ल्यूएस नावाच्या जागा बघ म्हणावं. उत्पन्न आठ लाखांच्या आत असलं की त्यात शिक्षण फी माफ, कुठल्याही जातीला. तुला तशीही फी माफ असल्याने त्या चढ्या कटऑफच्या मागे धावायचं कारण नाही.

सीईटीत मनासारखं नाही पडलं तर? बारावी सायन्सवर पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं आणि डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला. धुळे, जळगाव, नंदुरबार तिन्हीकडे शासकीय तंत्रनिकेतन आहे. एक वर्ष जास्त जातं, पण मुलगी हाताने काम करायला शिकून येते. बीसीएकडे वळायचं तर लक्षात ठेव, की २०२४ पासून बीसीए-बीबीएलाही सीईटी आहे. दरवर्षी बारावीच्या निकालानंतर कोणीतरी येऊन विचारतं, ‘आते काय करानं, सर?’ तेव्हा त्या सीईटीचा अर्ज केव्हाच बंद झालेला असतो. बारावीच्या हिवाळ्यात मुख्य सीईटीसोबत तिचाही अर्ज भरून ठेवायला काय जातंय? फी तेवढी जाईल.

आणखी एक, मग थांबतो. हे सगळे अर्ज तू बहुतेक शहाद्याच्या एखाद्या कॅफेत भरणार. तिथला पोरगा घाईत स्वतःचाच मोबाइल नंबर आणि स्वतःचाच ईमेल टाकतो, पासवर्ड त्याच्याच वहीत राहतो. पुढे ओटीपी त्याच्याकडे जातो आणि फेरीच्या शेवटच्या दिवशी त्याचं दुकान बंद असतं. ईमेल स्वतःचा काढ, पासवर्ड घरच्या वहीत लिही, नंबर वडिलांचा दे आणि प्रवेश होईपर्यंत त्यांना ते सिमकार्ड बदलू देऊ नकोस. स्वस्तातल्या रिचार्जसाठी जूनमध्ये सिम बदलणारे बाप आपल्याकडे कमी नाहीत.